सहासष्टखालची रेघ

ओब्युसों, रविवार, २२ जानेवारी १९६७

एलियान,

सोमवार, ९ जानेवारी, सकाळी सव्वादहा. माझं सगळं त्या मिनिटाला बदललं. तुझंही बदललं, पण तू म्हणशील माझं मी बघून घेईन, म्हणून माझ्यापुरतंच बोलतो.

बारो मालकांनी ताण्याखाली आरसा सरकवला तेव्हा मी हसत होतो, आठवतंय? लेओन्सबाबा त्यांच्या बोकडाची गोष्ट सांगत होते. आम्ही चौघं मागावर पोट टेकून बसलेलो, समोर नेहमीसारखी पटाची पाठ, लोंबणारे धागे, गुंते. पुढची बाजू आम्हाला पट मागावरून कापून उतरवायच्या, कापणीच्या दिवसाआधी दिसते ती त्या हातभर आरशात, तीही एका वेळी वीतभर. मालक आरसा इकडून तिकडे नेत होते आणि एकदम थांबले. जिथे ओली वाळू हवी, तिथे पाणी होतं. शिंपल्या वेचणारी ती बाई ओहोटीच्या वाळूवर उभी असायची, ती समुद्रावर उभी होती, अगदी येशूसारखी.

मग तुला वरून बोलावलं. तू गुडघ्यांवर मागाखाली शिरलीस, रंगांचे आकडे लिहिलेला खाक्याचा कागद पाहिलास आणि नाकाला लोकरीचा भुगा लावून बाहेर आलीस. म्हणालीस, "हे सहासष्ट आहे. कागदाच्या पलीकडच्या बाजूने लिहिलंय, म्हणून तुम्हाला नव्व्याण्णव दिसतं."

"मग खाली लाल रेघ कुठाय?" मालक म्हणाले.

"ओढली होती. म्हणजे, ओढली असं वाटतं."

"वाटतं?"

तू उभ्या उभ्या अ‍ॅप्रन सोडलास, चार घड्या घालून बाकावर ठेवलास आणि गेलीस. सहासष्टच्या (66) खाली रेघ नसली तर उलट बाजूने तो नव्व्याण्णव (99) होतो, अडुसष्टचा एकोणनव्वद होतो, हे आपल्या गावात शाळेतली पोरंही सांगतील. म्हणून सगळे परत मागाकडे वळले. सातशे आकडे लिहिणाऱ्या मुलीने एक रेघ विसरावी, यात बोलण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांचं तोंड.

आणि तू ल्योंला निघून गेलीस. मावशीकडे. मला न सांगता. मला ते बेकरीत कळलं, पाव घेताना, तेही माझ्याच मागावर बसणाऱ्या ग्रांजे बहिणींपैकी धाकटीकडून. तिला असल्या बातम्या सांगताना किती गोड वाटतं ते तुला ठाऊक आहे. मी पाव तिथेच टाकून आलो.

आम्ही आता उसवतोय. तीन आठवड्यांचं विणलेलं चौघं मिळून उसवतोय, आडव्या रांगेत, कारण एकट्या बाबांची वाळू उसवून भागत नाही, शेजाऱ्यांचं आकाशही खाली यावं लागतं. उसवायला विणण्यापेक्षा जास्त जपावं लागतं, ताणा दुखावला की संपलं. कुणी गात नाही. बाबासुद्धा बोकडाबद्दल बोलत नाहीत. मला मात्र अजून "काय वकीलसाहेब" म्हणतात. पोआतिएचं कायद्याचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं, ते लोकरीच्या प्रेमापोटी, असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुलाही तेच सांगितलं होतं. ते खोटं आहे. उन्हाळ्यात मी इथे आत्याकडे आलो होतो आणि कार्यशाळेच्या खिडकीतून एक मुलगी दिसली, अकरा मीटरच्या कागदावर रांगत आकडे लिहिणारी, पायात नुसते मोजे, कानामागे लाल पेन्सिल. तिला मी नावसुद्धा विचारलं नाही, सरळ परत जाऊन फीचा कागद फाडला.

तू गेलीस याचा मला राग आहे. खूप राग आहे. एक शब्द बोलायला काय झालं होतं? मीही बोललो नाही, हे खरं. मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, आणि ते सांगायला मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण कागद संपत आला.

रेजिस

(मागची बाजू कोरी आहे हे तुला दिसेलच.)


ओब्युसों, रविवार, १२ फेब्रुवारी

एलियान,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. मला पाठ झाल्या आहेत, तरी इथे उतरवतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुला पुन्हा दिसेल. "रेजिस, मी रेघ ओढली होती का? तू रोज तिथेच बसायचास. एवढंच सांग, बाकी काही लिहू नकोस."

म्हणजे मी कसा आहे, पट कुठवर आला, माझा खोकला गेला का, यातलं काही नाही. बरं.

तर रेघ. असं बघ, माणसाची आठवण ही साक्षीला फार कच्ची असते. कॉलेजात आम्हाला एक मास्तर होते, ते वर्गात मध्येच टोपी घालायचे आणि तासाच्या शेवटी विचारायचे, टोपीचा रंग कोणता. साठ जणांत चाळीस चुकायचे. तेव्हा तू ओढली असशील, नसशीलही. आता त्याचं काय? मालक तुझ्यावर रागावलेत ते रेघेसाठी नाही, तू "वाटतं" म्हणालीस त्यासाठी. त्यांना हो किंवा नाही लागतं. तू ये, एकदा म्हण, "विसरले, चुकलं." दोन दिवस तोंड वाकडं करतील आणि वर पाठवतील आकडे लिहायला. तुझ्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही. एक शब्द तर म्हणायचाय.

हे वर लिहिलेलं मी आता वाचलं. खोडत नाही. मी असा आहे हे तुला कळलेलं बरं.

तुझी मावशी आत्याला लिहिते, त्यामुळे मला सगळं कळतं. तू कपड्यांच्या दुकानात पँटना दुमड घालतेस आणि एकेक पाय तीनतीनदा मोजतेस, म्हणे. दुकानदार चेष्टा करतो, "बाई, माणसाचे दोन्ही पाय सारखेच असतात." तू हसत नाहीस. मावशी म्हणते, रस्ता ओलांडून आल्यावरही तू मागे वळून बघतेस, दार लावलं का. माझ्या एलियानने असं करावं? कागदावर काही न मोजता नुसत्या नजरेने आकडे टाकणारी तू.

आणि तो रंगारी मार्सलँ तुला पत्र लिहितो का? लिहीत असेल तर सांग. आगीच्या बंबवाल्यांच्या नाचात तू त्याच्याबरोबर चार नाच नाचलीस. मी मोजले. सलग चार. त्याच्या नखांतून निळा रंग जात नाही, चर्चमध्येही तो खिशात हात घालून बसतो. मला त्याचं काही नाही.

आम्ही उसवून संपवलं. परत विणायला घेतलं. बाबांनी सहासष्टची कांडी हातात घेतली तेव्हा ती दहा वेळा उजेडात धरली. सहासष्ट म्हणजे ओल्या वाळूचा राखाडी, नव्व्याण्णव पाण्याचा राखाडी, हिवाळ्यात दिव्याखाली दोन्ही एकच दिसतात. पट ज्यांच्या चित्रावरून विणतोय त्या चित्रकारीणबाईंनी पॅरिसहून पत्र पाठवून विचारलंय, तो जिथे टांगायचा ते बंदरावरचं प्रतीक्षालय मे अखेर उघडणार आहे, पट पोचेल ना? मालकांनी उत्तर दिलं, पोचेल. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "मी वचन दिलंय, हात तुमचे आहेत."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. मला माहीत आहे.

रेजिस


ओब्युसों, शनिवार, १८ मार्च

एलियान,

ओढली होतीस.

तू रेघ ओढली होतीस. लाल, जाड, डावीकडे जरा वर गेलेली, तुझ्या सगळ्या रेघांसारखी. मी पाहिली होती. ती मी पुसली.

हे वाक्य लिहायला मला दहा आठवडे लागले. लिहिल्यावर तेवढं मोठं दिसत नाही. आता सगळं सांगतो, आणि तू हे पत्र मध्येच टाकू नकोस.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी तू खाली यायचीस, मागाखालचा खाका पुढे सरकवायला आणि आकडे तपासायला. म्हणून शुक्रवारी, डिसेंबरच्या दोन तारखेला, मी ताण्याच्या धाग्यांमधून पेन्सिल घालून तुझ्या सहासष्टच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "रविवारी चार वाजता, पुलावर." वाळूचा तेवढाच भाग रिकामा होता. तू शनिवारी ते वाचलंस. खाली वाकलेली असताना तुझे कान लाल झाले, ते मला वरून दिसलं. त्या दिवशी मी जे विणलं ते या पटातलं सगळ्यात चांगलं विणकाम आहे, कुणीही आरसा लावून बघावं.

आणि संध्याकाळी बंबवाल्यांच्या नाचात तू मार्सलँबरोबर चार नाच नाचलीस. मला वाटलं, हे तुझं उत्तर. मी कोट घेतला आणि घरी गेलो. रविवारी खोलीतच बसलो, पुलाकडे फिरकलोही नाही. सोमवारी सगळ्यांच्या आधी कार्यशाळेत पोचलो, मागाखाली उताणा झालो आणि रबराने माझं वाक्य खोडलं. हळू नाही, रागाने. कागदाचं साल निघेपर्यंत. तुझी रेघ त्यात गेली. आकडे तू शाईने लिहितेस, रेघा लाल पेन्सिलने, कारण शाईची रेघ विणकराला चित्रातलीच वाटते. रबरावर लाल भुगा आला. मी पाहिला. फुंकर मारून उडवला.

लाल पेन्सिल वर तुझ्या खोलीत होती. तुझ्या खोलीत यायचं नव्हतं मला. म्हटलं, दुपारी बघू. दुपारी तू आणि मार्सलँ अंगणात लोकरीच्या लडी उन्हात टांगत होतात आणि तू कशाला तरी हसलीस. मग नाहीच ओढली. दहा दिवसांनी बाबांचं विणकाम तिथवर पोचलं, त्यांनी समोर दिसलं ते वाचलं, नव्व्याण्णवची कांडी उचलली. मी त्यांच्या कोपराला कोपर लावून बसलो होतो. माझं लक्ष रुसण्यात होतं.

नऊ जानेवारीला तू "वाटतं" म्हणालीस तेव्हा मी तीन हातांवर उभा होतो. मला वाटलं, आता बोलावं. जीभ हललीही. पण मग मला हेही सांगावं लागलं असतं की तिथे काय लिहिलं होतं आणि का खोडलं. सगळ्यांसमोर, त्या ग्रांजे बहिणींसमोर. मला लाज वाटली. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही. एवढ्यासाठी मी तुझा हात तुझ्यापासून तोडला.

आजच का लिहितोय ते सांगतो. परवा जेवणाच्या सुट्टीत मी आत गेलो तर लेओन्सबाबा खिडकीपाशी उभे, एका मुठीत सहासष्ट, दुसऱ्या मुठीत नव्व्याण्णव. मला म्हणाले, "वकीलसाहेब, इकडे या. यातलं पाणी कुठलं?" मी दाखवलं. म्हणाले, "मलाही तेच वाटतं. पण आता वाटण्यावर माझा भरवसा नाही." मग सांगितलं की डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलेत. डॉक्टरने डोळे चांगले आहेत म्हटलं, तर त्यांनी डॉक्टरलाच म्हाताऱ्यात काढलं. कापणी झाली की ते माग सोडणार आहेत. एकेचाळीस वर्षं बसलेत ते. मी म्हटलं, बाबा, चूक खाक्यात होती, रेघ नव्हती. त्यावर ते म्हणाले, "ती पोर रेघ विसरणारी नाही. रेघ असणार. मलाच दिसली नाही. नंतर कुणाचा तरी गुडघा घासून पुसली असेल."

कुणाचा तरी गुडघा.

तर आता दोन माणसं झाली. तू आणि ते. तुला तुझा हात खोटा वाटतो, त्यांना त्यांचे डोळे. आणि मी रोज त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या डब्यातला बटाट्याचा पाते, ती आपल्याकडची भरलेली पाई, खातो, कारण त्यांची बायको माझ्यासाठी एक फोड जास्त घालते.

तू मला क्षमा कर असं लिहिणार होतो. लिहीत नाही. तू पँटचा पाय एकदाच मोजलास असं मावशीच्या पत्रात आलं, तर मला पुरे.

रेजिस


ओब्युसों, मंगळवार, ११ एप्रिल

एलियान,

माझंच पत्र तू मला परत पाठवलंस. पाकीट उघडल्यावर स्वतःचं अक्षर दिसलं. मग मागच्या बाजूला तुझं दिसलं. "मला सांगून काय उपयोग? ज्यांनी तीन आठवडे उसवलं, त्यांना मागासमोर वाचून दाखव. सगळं, पुलासकट. आणि पुलावर मी आले होते. पाच वाजेपर्यंत उभी होते. मार्सलँ मला चार नाच हेच विचारत होता की ग्रांजेंच्या धाकटीला मागणी कशी घालावी."

शेवटची तीन वाक्यं मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. घराबाहेर पडून क्रोझ नदीच्या काठाने चालत सुटलो, थेट कातडी कमावायच्या शेडपर्यंत. तिथे एक बाई म्हणाली, पोरा, तुझ्या पायात एकच बूट आहे.

काल वाचलं.

दहाच्या सुट्टीत. बाबा चाकूने बटाट्याचा पाते कापत होते, बहिणी कॉफी ओतत होत्या, मालक दिव्यांची वायर तपासत होते. मी म्हटलं, मला काही वाचायचंय. बाबा म्हणाले, "वाचा वकीलसाहेब, पण भाषण असेल तर आधी खाऊन घेऊ." मी वाचलं. सगळं, तू म्हणालीस तसं, पुलासकट, तुझ्या कानांसकट. मार्सलँच्या चार नाचांवर आलो तेव्हा धाकटी ग्रांजे इतकी लाल झाली की थोरलीने तिच्याकडे वळून बघितलं. तुझ्या मागच्या ओळींतली ती मागणीची ओळ मात्र मी वाचली नाही. ते मार्सलँचं त्याने सांगावं. एवढी एकच ओळ मी लपवली, आणि माझ्या आयुष्यातली ती पहिली चांगली लपवाछपवी असेल.

संपल्यावर बाबांनी चाकू पुसला, मिटला, खिशात ठेवला. मग विचारलं, "म्हणजे रेघ नव्हती तिथे? मी वाचलं तेव्हा?"

"नव्हती, बाबा."

"म्हणजे माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"नाही."

त्यांनी मागावरची फणी उचलली आणि मला फेकून मारली. लाकडाची आहे आणि ती वजनदार. खांद्याला लागली, अजून हात वर जात नाही. मग पात्याची माझी फोड त्यांनी स्वतःच्या ताटलीत ओढली आणि खाल्ली, माझ्याकडे बघत बघत, शेवटच्या तुकड्यापर्यंत. संध्याकाळी निघताना एवढंच म्हणाले की त्यांना आता पुढच्या पटावरही बसावं लागणार, बायकोला काय सांगायचं ते मीच येऊन सांगावं.

मालकांनी मला वर नेलं, तुझ्या खोलीत. मला वाटलं, सामान बांध म्हणतील. म्हणाले, "कापणीपर्यंत बस. चौथा माणूस मला आता मिळणार नाही. त्यानंतर तुझं काय करायचं ते मी ठरवणार नाही." मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "त्या मुलीला पत्र लिहायचंय. माझं अक्षर कोंबडीचं आहे. मी सांगतो, तू लिही. आणि तुझं एक अक्षर जरी त्यात घातलंस तर याद राख."

ते पत्र तुला मिळालं असेल. अक्षर माझं, शब्द त्यांचे. "चुकलं" हा शब्द त्यांनी तीनदा सांगितला आणि दोनदा खोडायला लावला. एक राहिला. आमच्या कार्यशाळेत तो शब्द मालकाच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला, असं थोरली ग्रांजे म्हणते, आणि ती तिथे तेवीस वर्षं आहे. पत्रात तू म्हणशील त्या दिवशी ये असं लिहिलंय, आणि कापणीचं आमंत्रण आहे. खाके करणाऱ्यांना, आकडे लिहिणाऱ्यांना कापणीला कधी बोलवत नाहीत, हे तुला माहीत आहे. बोलावलंय.

मी त्यात काही घातलं नाही. स्वल्पविरामसुद्धा त्यांचे आहेत.

रेजिस


ओब्युसों, शनिवार, २० मे, दुपार

एलियान,

हे पत्र टपालाने येणार नाही. तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलावर बसून लिहितोय, आणि इथेच ठेवून जाणार आहे. सोमवारी कामावर येशील तेव्हा मिळेल.

कापणीला येणार नाहीस असं तू मालकांना कळवलंस. "मला टाळ्या नकोत, काम हवं." मालकांनी ती ओळ आम्हाला वाचून दाखवली आणि अभिमानाने अशी मान हलवली, जणू तुला वाढवलंय त्यांनीच. मला मनातून वाटलं होतं तू येशील, खोटं कशाला बोलू. सकाळच्या गाडीला मी स्टेशनवर गेलोही होतो. एक पाद्री उतरला आणि दोन बदकं.

तुला कापणी कशी झाली ते सांगतो, कारण तुझे आकडे होते.

अकरा वाजता सगळे जमले. महापौर, शाळेची पोरं, सूतगिरणीतल्या बायका, चित्रकारीणबाई पॅरिसहून, हिरव्या टोपीत. चौदा महिने आम्ही या पटाची पाठ पाहिली. मालकांनी कात्री चित्रकारीणबाईंना दिली, मग बाबांना, मग बहिणींना. मला नाही दिली, आणि मीही हात पुढे केला नाही. मी खाली पट झेलायला उभा होतो. ताण्याचे धागे तुटताना आवाज होतो तो तू कधी ऐकलायस का? जाड दोऱ्याच्या उसवणीसारखा, पण खोल. शेवटचा धागा तुटला आणि सगळं वजन माझ्या हातांत आलं. मला वाटलं होतं त्याहून ते जड होतं. आणि ऊबदार, जनावरासारखं.

मग अंगणात जमिनीवर पसरून उलटा केला.

एलियान, ओहोटी आहे ती. खरीच. अकरा मीटर किनारा, लांबवर पाणी गेलेलं, शिंपल्या वेचणाऱ्या सात बाया, आणि त्यांच्या पायांखाली वाळू इतकी ओली की शाळेतल्या एका पोरीने बूट काढून हातात घेतले. हे मी रचून सांगत नाही. सगळे हसले, ती रडली, चित्रकारीणबाईंनी तिला टोपी दिली. जिथे आम्ही उसवलं होतं ती जागा मी शोधली. सापडली नाही. बाबांनाही विचारलं, ते गुडघ्यांवर बसले, नाक लावून बघितलं आणि म्हणाले, "माझ्या डोळ्यांना तर काही दिसत नाही," आणि मला डोळा मारला.

महापौर म्हणाले की हे कलाकाराचं महान काम आहे. चित्रकारीणबाई मधेच म्हणाल्या, "सातशे रंगांचे आकडे कुणी लिहिले?" मालकांनी तुझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने. पटाच्या मागे शिवायच्या चिठ्ठीवर फक्त चित्रकाराचं आणि कार्यशाळेचं नाव असतं. बाईंनी ती चिठ्ठी परत मागितली, पेन घेतलं आणि बाबांचं, बहिणींचं, तुझं नाव स्वतःच्या नावाखाली लिहिलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुमचं?" मी म्हटलं, मी पुढच्या वेळी. धाकटी ग्रांजे फिसकन हसली. तिचं लग्न जुलैत आहे. मार्सलँने विचारलं अखेर, आणि म्हणे चार वाक्यं बोलायला त्याला अर्धा तास लागला.

आता माझं. पट गुंडाळून ट्रकमध्ये चढवलाय. ब्रतान्यच्या किनाऱ्यावर बंदराचं प्रतीक्षालय आहे, तिथे भिंतीवर टांगायला दोन माणसं लागतात आणि त्यानंतर महिनाभर कुणीतरी तिथे राहावं लागतं. लोकर नव्या भिंतीवर ओघळते, रोज थोडी ओढून बसवावी लागते. मालक मला पाठवतायत. मी विचारलं, महिन्याने परत येऊ का? म्हणाले, "ते मी एलियानला विचारेन. तू तिला विचारायचं नाहीस."

म्हणून मी विचारत नाही. हे पत्र त्यासाठी नाही. पत्ता मालकांकडे आहे, हेही मी उगाच लिहिलं, पण राहू दे.

हे पत्र एवढंच सांगायला आहे की तुझी खोली मी झाडून ठेवलीय. पुढच्या पटाचा खाका जमिनीवर अंथरलाय, कोरा, एकही आकडा नाही. शाळेच्या सभागृहासाठी आहे, आठ मीटरचा, चेस्टनटची झाडं. मालकांनी सहा आठवडे कुणालाही त्यावर पाय ठेवू दिला नाही, मलाही नाही, मी भिंतीला चिकटून टेबलापर्यंत आलो. शाईच्या नव्या बाटल्या डावीकडे आहेत. तुझा अ‍ॅप्रन धुतलाय, त्याच घड्या घालायला जमल्या नाहीत.

तुझ्याबद्दल मला जे वाटतं ते यात लिहिलं नाही. इथे बसून लिहिलं, तर तू सोमवारी दार उघडशील तेव्हा खोलीत तू, कागद आणि माझं वाटणं असे तिघं असाल. पहिल्या दिवशी तुझ्या कागदापाशी तुझ्याशिवाय कुणी नको. ते मी तिकडून लिहीन, तू म्हणालीस तर. नाही म्हणालीस तरी समुद्राकाठी भिंतीवर ओली वाळू आहे. माणसं बोटीची वाट पाहत तिच्याकडे बघत बसतील. तिच्यात तुझा हात आहे आणि तो हात चुकलेला नाही. हे मला रोज सकाळी बघायला मिळेल. हे थोडं नाही.

मार्सलँ भोंगा वाजवतोय. ट्रक तो चालवणार आहे. म्हणतो, आठ तास आहेत रस्त्यात, मला बायकोशी कसं बोलावं ते शिकव. मी म्हटलं, योग्य माणूस निवडलास.

खिडकी उघडी ठेवतोय, कडेची जमीन मी पुसलीय, ती वाळू दे. पत्रावर शाईची बाटली ठेवतो, वाऱ्याने उडून कागदावर जायला नको. उठतो. भिंतीला धरून दारापर्यंत जातो. हे दार पावसाने फुगलंय, दोन्ही हातांनी ओढावं लागतं. ओढून घेतो.

रेजिस